डाव्या पायाचा पोलादी बूट

मी एक जुना पोलादी बूट आहे. फक्त डाव्या पायाचा. उजव्या पायासाठी माझ्यासारखा दुसरा कोणी नाही, कधी नव्हताच. मित्रांनो, हे ऐकून माझी कीव करू नका. कीव करायची असेल तर पुढचं वाचू नका. माझा तळ झिजला आहे, टाचेला पोचे आहेत आणि गेल्या वसंतात माझा पट्टाही तुटला. तरी मी कामावर आहे.

काम कसलं ते सांगतो. आमच्या सॉल्टर्बी गावात स्पीडवेच्या शर्यती होतात. लंबगोल मैदान, त्यावर लाल दगडाचा चुरा, चार मोटारसायकली आणि चार फेऱ्या. गाड्यांना ब्रेक नसतात. वळणं सगळी डावीकडे. वळणावर मागचं चाक बाहेर पळतं आणि गाडी आडवी व्हायला बघते. तेव्हा स्वार डावा पाय जमिनीला टेकतो आणि त्या पायावर घसरत वळण काढतो. साधा बूट एका दुपारीत फाटेल, म्हणून साध्या बुटावर मला चढवतात. घसरणं हे माझं काम. दुसरं काही मला येत नाही आणि त्याची मला लाज नाही.

मला हेडली ब्रॉडबेंटनं घडवलं. तो गोदीत वेल्डर होता आणि रविवारी शर्यतीत उतरायचा. दुधाचा एक ट्रक मोडीत निघाला होता, त्याच्या बंपरमधून त्यानं मला कापलं, घराच्या मागच्या शेडमध्ये तापवून वाकवलं. त्याची बायको माव्हिस चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"स्वयंपाकघराचं दार वर्षभर नीट लागत नाही. ते करायला वेळ नाही, आणि इथे अर्धा बूट करत बसलायस!"

"अर्धा नाही गं, डावा."

"मग उजव्या हातानं दार दुरुस्त कर."

पण माझा पट्टा तिनंच शिवला. त्यांचा म्हातारा कुत्रा नुकताच गेला होता, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचा. मेण लावलेला जाड दोरा घेऊन तिनं दुहेरी टाके घातले आणि दातांनी दोरा तोडला. "हा तुझ्या हाडांपेक्षा जास्त टिकेल," ती हेडलीला म्हणाली.

तिचं खरं झालं. हेडली काही मोठा स्वार नव्हता. बहुतेक वेळा तिसरा यायचा, कधी कुंपणावर जायचा. खांद्याचं हाड दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा त्यानं मला शेडमधल्या खिळ्यावर टांगलं. माव्हिसनं त्याच आठवड्यात खाली काढलं.

"खिळ्यावर टोपी टांगतात," ती म्हणाली. "याला मैदानावर ने. ज्या मुलांकडे बूट नाही, त्यांच्या पायात घाल."

तेव्हापासून माझी खरी नोकरी सुरू झाली. मोठा सामना संपला की लोक घरी निघतात. मैदान नांगरल्यासारखं झालेलं असतं. त्यानंतर आमच्या मुलांची पाळी. उरलेलं मैदान, उरलेला उजेड आणि उरलेले प्रेक्षक, म्हणजे चिप्स संपवणारे दोघेतिघे आणि कुणाची तरी आई. इथे मुलं शिकतात. दुसरीकडे कुठे शिकणार? ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही.

पाय लहान असेल तर माव्हिस आपल्या जुन्या कोटाचे तुकडे माझ्या आत बसवायची. मग चिखलात गुडघा टेकून पट्टा आवळायची आणि वर बघायची.

"घाबरलास?"

"हो."

"बरं आहे. न घाबरणाऱ्याला मी बूट देत नाही. जा आता."

किती पाय माझ्यात येऊन गेले, मी मोजलं नाही. काहींनी एका पडण्यात नाद सोडला. काही टिकले. एकजण तर देशाच्या संघात गेला. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, त्यात त्याच्या पायात दुसराच बूट होता, आरशासारखा चकचकीत. मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटतंय ना? नाही वाटलं. पाय मोठा होऊन माझ्यातून निघून जावा, यासाठीच मी होतो.

जानेवारीत माव्हिस गेली. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. हेडली सवयीनं शेडमध्ये चहाचे दोन कप आणायचा. एक प्यायचा, दुसरा बाकावर गार व्हायचा. मग एके दिवशी तो एकच कप घेऊन आला. तो दिवस सगळ्यात वाईट होता.

मार्चमध्ये मैदान उघडलं. हेडली मला पिशवीत घालून गेला. पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करतात तिथे, क्लबचे मालक डेरिक स्टॅनियन त्याची वाटच बघत होते.

"हेडली, मुलांच्या शर्यती यंदा बंद. सामना संपल्यावर माणसं थांबवायची, रुग्णवाहिका थांबवायची, कोणासाठी? माव्हिस होती तोवर मी गप्प बसलो."

"तू गप्प बसला नाहीस. तिनं बसवलं होतं."

स्टॅनियन हसले, पण मागे हटले नाहीत. "आणि सातव्या जागेवर डेन्मार्कचा एक पोरगा आणतोय. तयार आहे अगदी."

संघात सात स्वार असतात आणि सातवी जागा नवख्याची. त्या जागेसाठी माव्हिसनं ब्रायनी स्किपवर्थला बघून ठेवलं होतं. ब्रायनी सतरा वर्षांची. कोबी भरायच्या शेडमध्ये काम करायची, तिथल्या वासासकट सरावाला यायची. तिच्या पायासाठी कोटाचे तीन थर लागायचे.

"तो पोरगा तयार कुठे झाला?" हेडलीनं विचारलं.

"त्याच्या गावात. पाच वर्षांचा असल्यापासून चालवतोय."

"म्हणजे त्याच्या गावात त्याला कोणीतरी मैदान दिलं."

स्टॅनियन यांनी घड्याळाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. मग ते म्हणाले, "ठीक आहे. रविवारी तिला उतरव. एक गुण आणू दे. आणला तर सातवी जागा तिची आणि तुझ्या मुलांच्या शर्यतीही चालू. नाही आणला तर डेन्मार्कला फोन आणि मुलांना रामराम."

पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. ब्रायनीनं हे ऐकलं आणि म्हणाली, "एकच? मालक फारच उदार झाले."

पण रविवारी दुपारी तिचं हसू लवकर संपलं. पहिल्या शर्यतीत भोपळा. दुसऱ्या शर्यतीत ती सुरुवातीला पुढे होती, मग कडेला बाहेर गेली आणि पुन्हा भोपळा. तिला आणखी एकच शर्यत होती. हेडलीनं गुडघा टेकला आणि माझा पट्टा आवळला. माव्हिसचे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. तो एवढंच म्हणाला, "घट्ट आहे?"

"पाय निळा पडलाय, एवढा घट्ट आहे."

सुरुवातीच्या रेषेवरची दोरी वर उडाली आणि गाड्या सुटल्या. मी चुऱ्यात रुतलो, ठिणग्या उडाल्या. ब्रायनी चौथी होती. तिसऱ्या फेरीत तिच्या पुढचा, पाहुण्या संघाचा स्वार वळणावर पडला. त्याला लागलं नाही. त्यानं गाडी ओढत मधल्या गवतावर घेतली, म्हणून शर्यत थांबली नाही. आता मैदानात तिघेच होते आणि ब्रायनी तिसरी. नुसतं रेषेपर्यंत पोचायचं होतं.

शेवटच्या वळणावर साखळी तुटली.

इंजिन उगाच किंचाळलं, तिनं ते बंद केलं. पुढचे दोघे रेषा ओलांडून गेले. पिटमध्ये कोणीतरी म्हणालं, "झालं." पण झालं नव्हतं. मित्रांनो, आमच्या खेळात एक नियम आहे, तो मला सगळ्यात जास्त आवडतो. बंद पडलेली गाडी स्वारानं स्वतः ढकलत रेषेपार नेली, तरी ती पोचली असं धरतात. कोणी बोट लावलं तर गुण गेला. वेळही थोडाच मिळतो.

ब्रायनी उतरली आणि ढकलू लागली. गाडी जड, चुरा खोल. तिचा उजवा पाय जमीन धरायचा आणि डावा सटकायचा. कारण डाव्या पायात मी होतो. ती एका गुडघ्यावर आली, उठली, पुन्हा सटकली. आयुष्यभर मी ज्या एका कामासाठी झिजलो, तेच काम आता तिला मागे ओढत होतं. मला थांबता येत नव्हतं. मी घसरतच होतो.

कुंपणामागून हेडली ओरडला, "बूट काढ! पोरी, बूट काढ!"

तिनं गाडी कमरेला टेकवली आणि वाकली. बकलात चुरा घट्ट बसला होता. नखं लावून काही होईना.

"निघत नाहीये! पट्टा तोडावा लागेल!" मग जरा हळू आवाजात, "हेडली, हा तिनं शिवलाय."

हेडलीचे दोन्ही हात कुंपणाच्या फळीवर होते.

"तोड!" तो ओरडला. "तिनं आतापर्यंत केव्हाच तोडला असता! तोड म्हणतो ना!"

ब्रायनीनं हिसका दिला. टाके हलले नाहीत. त्या बाईचे टाके तिच्यासारखेच हट्टी होते. दुसऱ्या हिसक्याला दोरा करकरला. तिसऱ्याला पट्टा फाटला आणि मी हवेतून जाऊन गवतावर पडलो.

म्हणून मी पहिल्यांदा शर्यत बाहेरून पाहिली. ती डोकं खाली घालून ढकलत होती. आता दोन्ही पाय जमीन धरत होते. प्रेक्षक उभे राहिले होते, पाहुणे प्रेक्षकसुद्धा. मुलं खुळखुळे वाजवत होती. स्टॅनियन यांची टोपी पडली होती आणि ते स्वतःच ओरडत होते, "ढकल गं! ढकल! आता कशाला थांबतेस!" चाक रेषेपार गेलं, मग ती गेली, मग गाडी आणि ती दोघी तिथेच आडव्या झाल्या.

एक गुण.

सामना आम्ही हरलो. ते सांगायचं राहिलंच असतं.

संध्याकाळी स्टॅनियन मला हातात घेऊन हेडलीकडे आले. चुरा पुसून मला स्वच्छ केलं होतं. "याला क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवू," ते म्हणाले. "खाली माव्हिसचं नाव लिहू. लोक बघतील."

"त्या कपाटात तुझे करंडक ठेव," हेडली म्हणाला. "नाव लिहायचं तर मैदानाच्या दारावर लिही. याला काम आहे."

तुटलेला पट्टा त्यानं स्वतःच्या खिशात घातला. नवा पट्टा ब्रायनीनं शिवला, कोबीच्या शेडमधल्या, माल पुढे नेणाऱ्या एका जुन्या पट्ट्याच्या तुकड्याचा. हेडलीनं तो उलटसुलट करून पाहिला.

"टाके वाकडे आहेत."

"त्याला घसरायचंय, लग्नाला नाही जायचं."

पुढच्या सामन्यानंतर लोक घरी निघाले, मैदान नांगरल्यासारखं झालं आणि आमच्या मुलांची पाळी आली. एक ताडमाड पोरगा पुढे आला. त्याच्या पायासाठी कोटाचा एकही थर लागला नाही. ब्रायनीनं चिखलात गुडघा टेकला, पट्टा आवळला आणि वर पाहिलं.

"घाबरलास?"

"अजिबात नाही."

"मग बूट परत दे."

"थोडासा घाबरलोय."

"बरं आहे. जा आता."

हेडली कुंपणाशी चहाचे दोन कप घेऊन उभा होता. दुसरा त्यानं ब्रायनीच्या हातात दिला. "खाली ठेवू नकोस," तो म्हणाला, "गार होतो."

मित्रांनो, माझी एवढीच मागणी आहे. मागणी म्हणतो, विनवणी नाही. आमच्यासारख्यांना पुसूनबिसून काचेत ठेवू नका. जुनं झालं म्हणून टाकू नका आणि जुनं झालं म्हणून पूजाही करू नका. पट्टा तुटला तर नवा शिवा. सामना संपल्यावर मैदानाचं दार लगेच लावू नका, कोणीतरी अजून शिकत असतं. मी जेवढा झिजायचा राहिलो आहे, तेवढा झिजायला तयार आहे. कोटाचे तुकडे पिशवीत आहेत. पाय लहान असला तरी चालेल.