देव आधी निघाले

करणचं म्हणणं एकच होतं. गिऱ्हाईक दारात आलं की त्याला घर दिसलं पाहिजे, घरातली माणसं नाहीत.

करण म्हणजे रोहिणीच्या नवऱ्याचा, रामहरीचा, चुलतभाऊ. पुण्यात फ्लॅट विकणाऱ्या एका ऑफिसात कामाला. त्यामुळे घर विकायचं ठरलं तेव्हा त्याचा शब्द सगळ्यांनी डोक्यावर घेतला. श्रीगोंद्याचं तीन खोल्यांचं ते घर रोहिणीनं त्याच्या सांगण्याप्रमाणे रिकामं करत आणलं. लग्नातला फोटो उतरला. दारावरचं तोरण निघालं. भिंतीवर पोरीनं काढलेली म्हैस पांढऱ्या रंगाखाली गेली, आणि मागच्या खोलीतला ओलीचा डागही त्याच हातानं झाकला गेला. अंगणातली तुळस शेजारच्या मोनिकाकडे, आणि देव नव्या फडक्यात बांधून रोहिणीच्या माहेरी, काष्टीला.

"देव्हारा काढला की हॉल केवढा दिसतो बघा वहिनी," करण व्हिडिओ कॉलवर म्हणाला.

हॉल मोठा दिसत होता खरा. रोहिणीला मात्र संध्याकाळी दिवा कुठं लावावा ते कळेना. आगपेटी हातात घेऊन ती तशीच उभी राहायची आणि मग गॅस पेटवायची.

हे सगळं चाललं होतं ते रामहरीसाठी. नगरच्या एमआयडीसीत तो नोकरीत कायम झाला होता. रोजचं येणं-जाणं झेपेना, म्हणून तिथं चौघांत एक खोली घेऊन राहत होता. रविवारी यायचा. पाच वर्षांची राजनंदिनी शनिवारपासूनच खिडकीत बसायची, आणि सोमवारी उठली की पांघरूण झटकून बाप खाली कुठं पडलाय का ते बघायची. नगरला एक फ्लॅट त्यांनी बघून ठेवला होता. मालक भला माणूस, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होता. तोवर हे घर गेलं नाही, तर फ्लॅट दुसऱ्याला आणि ह्या मायलेकींना आणखी एक वर्ष रविवारची वाट.

भाव करणनं काढला होता. गल्लीतलं शेवटचं घर मागं पस्तीस लाखांना गेलं होतं, म्हणून हेही पस्तीस. पण ते घर गेलं तेव्हा गावाबाहेरचा नवा रस्ता झाला नव्हता. आता त्या रस्त्याला लिफ्टच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या, आणि बँकेचं कर्ज घेणारा नोकरदार तिकडंच वळत होता. माणसं आली, चकचकीत फरशी बघून "छान ठेवलंय" म्हणाली आणि परतली ती परतलीच. करणनं भाव बत्तीसवर आणला. मग गेटवरच्या पाटीवर एकोणतीस लिहायला लावलं. त्यानंतर तर माणूस फिरकायचाच बंद झाला.

एके दुपारी मोनिका गवारीच्या शेंगा मोडायला घेऊन आली. मोडता मोडता म्हणाली, "रोहिणी, रागावू नको. पण खरं काय ते सांग. घरात काही झालंय का?"

"काय व्हायचंय?"

"अगं, लोकं काहीबाही बोलतात. माणसं राहतायत आन् देव न्हाईत. तुळस माझ्या दारात. त्यात भाव रोज खाली. परवा आलेले ते मास्तर माझ्याकडंच चौकशी करून गेले, इथं कुणाला काही बाधलं का म्हणून."

रोहिणीच्या हातातली शेंग हातातच राहिली. घर सोडताना देव सगळ्यात शेवटी निघतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिची आई तेच करत आली होती, सासूही. आणि तिनं मात्र सगळ्यात आधी देवच बाहेर काढले होते! घर चांगलं दिसावं म्हणून एवढा खटाटोप केला, आणि लोकांना ते पळून चाललेल्या माणसांचं घर दिसलं.

तिला आधी हसू आलं. मग डोळे भरून आले. मोनिका घाबरली. "अगं बाई, म्हणजे खरंच काय हाय का?"

"आहे ना! करणभाऊजी आहेत!"

दुसऱ्या दिवशी ती काष्टीला जाऊन देव घेऊन आली आणि देव्हारा पुन्हा जागेवर लावला. येताना आईनं विचारलं, "घर विकायचं रद्द केलं का गं?" "आता कुठं विकायला काढलंय," ती म्हणाली.

भावाचंही तिनं स्वतःच बघायचं ठरवलं. लोक मागतात एक आणि घेतात एक, हे बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला काय ठाऊक नसतं? पोरीला शाळेत सोडून ती गल्लोगल्ली फिरली. घर विकून गेलेल्यांचे नातेवाईक, घर घेऊन आलेल्या बायका, ज्यांच्याशी बोलता येईल त्यांच्याशी बोलली. पाटीवरचा भाव कुणालाच मिळाला नव्हता. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली. नव्या बिल्डिंगीत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि आसपासच्या गावांतले बागायतदार पोरांच्या शाळेसाठी अजून अशाच, स्वतःचा हौद असलेल्या घरांच्या शोधात आहेत. तिनं पाटीवरचा आकडा पुसला आणि एकतीस लिहिला.

"वहिनी, उतरलेला भाव कुणी चढवतं का?" करण फोनवर ओरडला.

"भाऊजी, तुम्ही पुण्यातलं बघा. इथलं मला बघू द्या."

दगडाबाई आली ती कुणालाही न कळवता. रोहिणी भाकरी थापत होती, राजनंदिनी ओल्या केसांनी घरभर पळत होती. दारात नऊवारीतली ठसठशीत बाई आणि मागं तिचा मुलगा गोरक्ष.

"नातवंडांच्या शाळंसाठी घर बघतूय," म्हणत ती आत आली, देव्हाऱ्यापुढं क्षणभर थांबली, हात जोडले. मग थेट मागं जाऊन हौदाचं झाकण उघडायला लावलं.

"पाणी किती दिसाला येतं?"

"उन्हाळ्यात चार-चार दिवस येत नाही, आजी. पण हौद भरला की तेवढे दिवस निघतात."

गोरक्ष भिंतींवरून हात फिरवत होता. मागच्या खोलीत रोहिणी आपणहून म्हणाली, "दादा, ह्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते. आम्ही रंग मारलाय वरून. गच्चीचा उतार तेवढा नीट करून घ्यावा लागेल."

गोरक्षनं आईकडं बघितलं. दगडाबाई पाटावर बसली. "हे तू का सांगितलंस?"

"पावसाळ्यात तुम्हाला दिसणारच ना."

"आन् बाहीर लोकं म्हनत्यात ते?"

रोहिणीनं मग सगळं सांगितलं. करण, देव, काष्टी, नगर, रविवार. दगडाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आगं, देवाला माहेरी धाडनारी तूच पयली!" हसू ओसरल्यावर तिनं राजनंदिनीला जवळ ओढलं, पदरानं तिचे केस पुसले. "बाप लई आठवतो व्हय गं?"

पोरगी लाजून आईमागं लपली. रोहिणी तेवढ्यात एक भाकरी तव्यावर टाकून आली.

"बरं, भावाचं बोल. मागं पाटी एकोनतीस म्हनत हुती, आता एकतीस?"

"एकोणतीसला तुम्ही आला होता का?"

"न्हाई. इतकं सस्तं म्हनल्यावर गोरख्या म्हनला, नगं आई, त्यात कायतरी हाय."

"मग मी काय चूक केली?"

"व्वा! जिभंला हाड न्हाई तुज्या." दगडाबाईनं मुलाकडं पाहिलं, तो हसत होता. "तीस. गच्चीचा उतार आमी करून घेऊ. उसाचं बिल आल्तं, ते तसंच ठिवलंय. दिवाळीआधी खरेदीखत. पर माज्या नातवाच्या शाळंच्या दाखल्याचं अडू देऊ नको, घराचं कागद लवकर दे."

रोहिणीनं नवऱ्याला विचारते म्हणायला तोंड उघडलं. मग तिला आठवलं, पाटी बदलली तेव्हाच आपण रामहरीशी बोललोय, तीसच्या खाली जायचं नाही एवढंच. "चालेल," ती म्हणाली आणि तव्यावरची करपत आलेली भाकरी उलटवायला धावली.

"करपली ती मला वाढ," दगडाबाई मागच्या खोलीतून ओरडली. "ठेचा हाय का?"

मायलेक जेवून गेले. रामहरीचा फोन लागेना, तो ड्युटीवर होता. एवढी मोठी बातमी रोहिणीच्या पोटात मावेना. तिनं राजनंदिनीला मांडीवर घेतलं.

"आपण नगरला जायचं. पप्पांच्या घरी."

"रविवारी?"

"नाही. राहायला. मग पप्पा रोज संध्याकाळी घरी येतील."

पोरीनं बराच विचार केला. "सोमवारी पण?"

"सोमवारी पण."

"आणि मंगळवारी?"

रोहिणी एकेक वार सांगत राहिली, आणि प्रत्येक वाराला पोरगी खात्री करून घेत राहिली.