तोळ्याने ऐकलेली शिवी

मी एक जुना तोळा आहे. पितळेचा, बोराएवढा, शिक्का घासून पुसट झालेला. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या घरचे सोने आता ग्रॅमवर तोलतात.

जवळा बाजार या गावच्या माऊली सोनारांच्या आजोबांनी मला दुकानात आणले. बारा मासे म्हणजे मी, एक तोळा. पाण्यातले मासे नव्हेत बरे का, मासा हे सोने तोलायचे लहानसे वजन. मी पारड्यात बसलो की भलीभली गिऱ्हाइके श्वास रोखून काट्याकडे बघत. तेव्हा माझा रुबाबच तसा होता! सोने अकराच मासे भरले, तर आजोबा शांतपणे सांगत, "अकरमाशी हाय, एक मासा कमी पडला." त्यात राग नसे की कुणाचा अपमान नसे.

हा शब्द कुणी दुकानाबाहेर नेला, ते मला ठाऊक नाही. पण लग्न न होता आई झालेल्या बाईच्या लेकराला लोक अकरमाशी म्हणू लागले. आधी सोयरीक बघताना कुजबुजत, मग भांडणात थेट तोंडावर. तान्ह्या लेकराने कुणाचे काय बिघडवले होते? मला फार संताप येई.

पुढे विजेचा काटा आला आणि मी काचेखाली शोभेला जाऊन बसलो. गेल्या बाजारच्या दिवशी तिथूनच मी सगळे पाहिले.

सत्यशीलाबाई शेळ्या पाळतात. त्यांचे लग्न झाले नाही. लेक सुकन्या त्यांनी एकटीने वाढवली. तिची सोयरीक अंगदशी ठरली, तीही त्याच्या घरी सगळे खरे सांगून. मंगळसूत्राची एक वाटी माहेरची आणि एक सासरची असते. म्हणून दोन्हीकडची माणसे आपापले सोने घेऊन दुकानात आली होती. सत्यशीलाबाईंबरोबर सुकन्या होती, आणि अंगदकडून त्याची आई अनुसयाबाई व त्यांचे धाकटे भाऊ सटवाजी.

सत्यशीलाबाईंनी पदराची गाठ सोडून सोने पुढे ठेवले, तोच सटवाजी बोलले, "माहेरची वाटी? जिला बाप न्हाई, तिला कोणतं माहेर? अकरमाशी पोरगी घरात आणून राहिलो आपण!"

सुकन्याचा चेहरा पांढराफटक पडला. माऊलींचा हात होता तिथेच थांबला. अनुसयाबाई भावाकडे बघत राहिल्या. मोडली सोयरीक, असे मला वाटले.

"माऊली, तो जुना तोळा काढा," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

माऊलींनी मला काढून दिले, आणि बाईंनी मला सटवाजींच्या तळहातावर ठेवले. "दादा, तोला माझ्या लेकीला. शेळ्यांमागं फिरून शिकली, आता दवाखान्यात नर्स हाय. कुठं कमी भरली, ते दाखवा. दाखवल्याबिगर उठू नका."

सटवाजी मला नुसते या बोटातून त्या बोटात फिरवत राहिले.

शेवटी अनुसयाबाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतले. "सटवाजी, पोरीची माफी माग. न्हाई तर लग्नाला येऊ नको." मग सत्यशीलाबाईंचे सोने उचलून त्यांनी माऊलींना दिले. "आधी ही वाटी घडवा."

सटवाजींनी खाली बघत माफी मागितली. लग्नाची तारीख तीच राहिली. माऊलींनी मला पुन्हा काचेखाली ठेवले, आणि मला हायसे वाटले.

पण निघताना, अगदी माझ्या काचेजवळ, सुकन्याने हळूच विचारले, "आई, उद्या मला लेकरू झालं, तर त्यालाबी असंच म्हनतील का गं?"

सत्यशीलाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. तिला घेऊन त्या दुकानाची पायरी उतरल्या.

मित्रांनो, मला भट्टीत टाकले तर मी वितळून जाईन. माझ्या मापावरून झालेली ही शिवी मात्र मला वितळवता येत नाही. सुकन्याला उत्तर हवे आहे, आणि ते तुम्हीच देऊ शकता. हा शब्द कुणालाही म्हणू नका, तेवढे उत्तर द्या.