खुर्चीचा कापलेला गुण

गल्लीत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. पालिकेसाठी ती वस्त्या तपासायची. पदपथ किती रुंद, सावली कुठे, सायकलला वेगळी वाट आहे का, थोडक्यात माणूस तिथे आपल्या पायांनी हिंडेल का, हे पाहून गुण द्यायची. ती लहानाची मोठी झाली त्या गल्लीला तिने दहापैकी तीन दिले, तेही हात आखडून. शिंपीकाकांचं मशीन पदपथावर, पंक्चरवाल्याची चाकं पदपथावर, आणि दुकानवाल्या मावशींची लाकडी खुर्ची तर ऐन मधोमध. त्या खुर्चीपायी तिने अख्खा एक गुण कापला.

पुढे बाबांना साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायची ताकीद दिली. आईच्या माघारी तिला बाबांशिवाय दुसरं कोण होतं? त्यांच्या काळजीने तिचा जीव अर्धा झाला. मग मागचापुढचा विचार न करता तिने दहापैकी नऊ गुणांच्या वसाहतीत भाड्याने घर घेतलं आणि बाबांना सामानासकट तिथे हलवलं.

तिथले पदपथ कसे, ताट सोडून तिथेच जेवण वाढून घ्यावं इतके स्वच्छ. बाबा रोज दुपार कलली की बूट चढवून निघत आणि छान दमून परतत. साखर उतरली. मोजणीबाईने ही हकीकत कचेरीत इतक्यांदा ऐकवली की ती तोंड उघडायच्या आतच साहेब मान डोलवू लागले.

एक दिवस ती लवकर सुटली, तर बाबा थांब्यावर उभे. बस आली आणि चालायला निघालेला हा माणूस चक्क बसमध्ये चढला. तिने स्कूटर बसच्या मागे घातली. बाबा उतरले ते थेट जुन्या गल्लीच्या तोंडाशी.

तिथून मात्र ते चालू लागले. शिंपीकाकांकडे थांबले, पंक्चरवाल्याला न मागितलेला सल्ला दिला, आणि दम लागला तसे मावशींच्या खुर्चीत बसले. मावशींनी पाणी दिलं. श्वास जागेवर आल्यावर उठून निघणार, तोच लेक समोर.

"बाबा, तिकडचा पदपथ सोडून इथे?"

"पदपथ झकास आहे गं," बाबा ओशाळून म्हणाले. "पण दम लागला तर बसू कुठे? आणि बसलो तरी बोलू कोणाशी? तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

वाईट तर वाटलंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही भाडं भरून. त्यात मावशींनी सांगितलं की पालिकेची माणसं उद्या खुर्ची उचलून नेणार आहेत, मेली कोणाच्या डोळ्यांत खुपली कोण जाणे.

"माझ्याच," ती म्हणाली.

मावशींनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"कधी बसली होतीस का हिच्यात? नाही ना? मग बस आधी."

ती बसली. खुर्ची जराशी डुगडुगली, पण पाठीला बरोबर टेकली. समोरून जाणाऱ्या दोघांनी तिची खुशाली विचारली. मग बसल्या जागेवरूनच तिने साहेबांना फोन लावून खुर्ची उचलायचं थांबवायला सांगितलं, आणि गल्लीचे गुण वाढवायलाही. एवढ्यात तिथे असं काय बदललं, साहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब," ती म्हणाली. "मी बसले."