सोवळ्याबाहेरचा नळ

“वरून घाव घालायचा नाही. खालून पोखरायचं. हळू, स्वल्प स्वल्प.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात कानावर पडलेलं हे पहिलं नीट वाक्य. मला बसवायला आलेले बसवंत मेस्त्री ते स्वतःशीच पुटपुटत होते. त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं काम ते आठवून आठवून करत होते.

मी एक जुना पितळी नळ आहे. वाळूच्या साच्यात मला ओतलं, कानसीनं घासलं, आणि १९५४ साली मी बेंगळुरात चामराजपेटेतल्या शेषगिरीरावांच्या घरी आलो. त्या गल्लीत उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा पहिला त्यांच्याच घरी झाला. ओट्याचा दगड तीन बोटं जाड होता. त्यावर चिनीमातीच्या सिंकची कड आणखी एक बोट. आणि माझी आट्यांची शेपटी होती जेमतेम तीन बोटांची. भोकातून ती घातली तर खाली चाकी, म्हणजे नट, लावायला टोकसुद्धा बाहेर येईना.

मेस्त्री ओट्याखाली उताणे झोपले. छिन्नीनं त्यांनी दगड खालच्या बाजूनं वाटीसारखा पोखरला. दोन दिवस ठक ठक चाललं होतं. वरून पाहणाऱ्याला चरासुद्धा दिसला नाही. मग पाणी गळू नये म्हणून सूत आणि सफेदा लावून त्यांनी चाकी आवळली, आणि मी ताठ उभा राहिलो.

मला आणलं होतं विमलासाठी. ती शेषगिरीरावांची बायको. परसातल्या विहिरीवर घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं आणि हाड बसवणाऱ्यानं ते वाकडंच जोडलं होतं. रहाट ओढला की कळ थेट खांद्यात जाई. तिनं माझी मूठ डाव्या हातानं फिरवली. पाणी आलं. ती हसली. मित्रांनो, माझं कौतुक झालं ते तेवढंच.

कारण मागे तिची सासू कृष्णाबाई उभी होती. घरात तिला अत्याबाई म्हणत. तिचं सोवळं कडक, नेम त्याहून कडक.

“मेस्त्री, ह्याच्या पोटात काय आहे रे?”

“पाणी अडवायला चकती असते, अक्का.”

“कशाची?”

खोटं बोलले असते तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पण ते सरळ माणूस. “चामड्याची,” म्हणाले.

अत्याबाई ओरडली नाही. ती कधीच ओरडत नसे. “चामड्यावरून आलेलं पाणी देवाला? बरं झालं विचारलं. शेषगिरी, अंगण धुवायला छान आहे हो तुझा नळ.”

शेषगिरीरावांनी आईकडे पाहिलं, मग बायकोच्या मनगटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “आई म्हणते तसं कर.”

झालं. माझ्या तोंडाला फडकं बांधलं गेलं. विमला पहाटे ओलेत्यानं विहिरीवर जाई आणि घागरी भरून माझ्यासमोर ओट्यावर मांडी. उजवा हात सुजला की डावा. मग तिला आपली वेणी घालता येईना. अत्याबाई म्हणे, “वेणीला हात उठत नाही, नळाकडे बरोबर उठतो. नळाची राणी!” शेजारणी आल्या की ती माझ्याकडे बोट दाखवी. “सुनेच्या हौशीखातर बसवलाय. मी कुणाला कशाला आडवी येऊ?”

एका श्रावणात विमलाला ताप आला. घसा कोरडा पडला होता, घरात कुणी नव्हतं. तिनं माझं फडकं सोडलं, एक फुलपात्र पाणी घेतलं आणि घटाघटा प्यायली. मूठ पुन्हा घट्ट फिरवली, फडकं बांधलं. पण न वापरता माझ्यातलं चामडं वाळून गेलं होतं. मला तोंड नीट मिटता येईना. फडकं ओलं झालं, आणि माझ्या तोंडाला एक थेंब लोंबत राहिला.

मित्रांनो, तो थेंब मी गिळू शकलो असतो तर! अत्याबाई देवळातून आली आणि तिची नजर आधी त्यावरच गेली.

“ह्या हातानं हंड्याला शिवलीस?”

“नाही अत्याबाई. नुसतं प्यायले.”

“शिवलीसच असशील. ओत सगळं. हंडा, घागरी, देवाचं तांब्याभर, सगळं. घास आणि परत भर.”

अंगात ताप असताना विमलानं सगळं ओतलं. चिंच लावून भांडी घासली. रहाट संध्याकाळपर्यंत करकरत होता. शेषगिरीराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, आणि पान उलटल्याचा आवाज मला नीट ऐकू येत होता. त्या दिवसानंतर तिचं मनगट पुन्हा कधी वळलं नाही.

दोन वर्षांनी बसवंत मेस्त्री आपणहून आले. तिचा हात बघून मागे त्यांनी चामड्याविना चकती आणून देण्याचा शब्द दिला होता. खिशातून काळी चकती काढून म्हणाले, “अक्का, रबराची आहे. झाडाचा चीक. आता शंका नको.”

विमला दाराशी थांबली.

अत्याबाईनं चकती लांबूनच पाहिली. “चकती बदलशील. पण चामडं जिथं बसलं होतं ते पितळ?”

“चिंचेनं घासून देतो की.”

“तू? तुझ्या हातानं?” ती मंद हसली. “सरी, बरं, बसव. अंगणच तर धुवायचंय.”

मेस्त्रींची मान खाली गेली. त्यांनी चकती बसवली, पाना पिशवीत टाकला. विमला हळूच म्हणाली, “तुम्ही आलात, पुष्कळ झालं.” माझ्यातलं चामडं गेलं होतं, पण माझा विटाळ काही गेला नाही. तेव्हा मला कळलं की अडचण माझ्या पोटात कधी नव्हतीच.

अशी आणखी नऊ वर्षं गेली. माझ्यावर हिरवट गंज चढला, रबरही कडक झालं आणि फडकं पुन्हा ओलं राहू लागलं. परसातली विहीर आटली, तर विमला दोन गल्ल्या पलीकडे देवळामागच्या विहिरीवर जाऊ लागली. मग अत्याबाईला अर्धांगवायू झाला. ऊब राहते म्हणून तिचं अंथरूण स्वयंपाकघरातच घातलं, माझ्यापासून दोन पावलांवर. जीभ जड होण्याआधी तिनं विमलाचा हात तुळशीच्या पानावर ठेवून घेतला होता.

“नळाचा थेंब माझ्या घशाखाली जाऊ द्यायचा नाही. मी कितीही मागितलं तरी. भ्रमात मी काय वाटेल ते बोलेन. शपथ घे.”

“घेतली,” विमला म्हणाली होती.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. नळ वापरता ठेवा, त्याची चकती वाळू देऊ नका. आणि समोर कुणाचा घसा कोरडा असेल, तर आधी पाणी द्या, मग काय विचारायचं ते विचारा. मला हात असते तर त्या दुपारी मीच दिलं असतं.

ती दुपार चैत्रातली होती. शेषगिरीराव ऑफिसात होते. घागर रिकामी झाली होती. अत्याबाईचे ओठ तडकले होते. तिची नजर सरकत सरकत माझ्यावर आली. “पाणी,” ती म्हणाली. मग जड जिभेनं, पण अगदी स्पष्ट, “नळाचं… नळाचं दे, विमला.”

विमला माझ्याजवळ आली. माझं फडकं तिनं सोडलं, पिळलं, आणि पुन्हा घट्ट बांधलं.

“तुमचा नेम मी मोडणार नाही, अत्याबाई,” ती मऊ आवाजात म्हणाली.

तिनं पदर खोचला. रिकामी घागर डाव्या कमरेवर घेतली, दार अलगद लोटून घेतलं, आणि देवळामागच्या विहिरीच्या वाटेला लागली. हळू, अगदी हळू.