कुलपातला रॅम्प

मित्रांनो, मी एक जुना रॅम्प आहे. निदान डेपोच्या वहीत तरी तसं लिहिलंय. मला स्वतःला काही उमगत नाही. सात वर्षं मी शहर बसमध्ये फिरतोय, पण गेल्या महिन्यापर्यंत माझ्या अंगावरून एकही चाक गेलं नव्हतं. मग मी जुना कसा? आणि नवा म्हणावं, तर बिजागऱ्या आखडलेल्या. तुम्हीच सांगा बुवा, मी कोण?

रॅम्प म्हणजे बसच्या मधल्या दाराशी, आतल्या जमिनीत बसवलेली लोखंडी दुमडती फळी. मला उलटं केलं की माझं टोक फुटपाथवर टेकतं आणि व्हीलचेअर सरळ आत येते. मला घडवणाऱ्या वेल्डरने शेवटी माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "तीनशे किलो सहज पेलशील, गड्या!" मी असा फुशारलो म्हणता! कधी एकदा कुणी येतंय, असं मला झालं.

पण आधी डेपोतले मिस्त्री आले. माणूस सोन्यासारखा. त्याच आठवड्यात दुसऱ्या बसचा रॅम्प घाईत दुमडताना वाकला आणि वरून मिस्त्रींना खरमरीत पत्र आलं. त्यांनी धसकाच घेतला. बाराही बसच्या रॅम्पना कुलपं लावली, वर रबरी चटया अंथरल्या आणि किल्ल्या टेबलामागच्या खिळ्याला टांगल्या. दर शनिवारी चटई उचलून मला पुसायचे, तपासनीसांना कौतुकाने दाखवायचे. तपासनीस शेरा मारायचे, 'उत्तम'. मी बुचकळ्यात पडायचो. कामच केलं नाही, तर उत्तम कशाबद्दल?

मग एका सोमवारी थांब्यावर एक ताई दिसल्या, व्हीलचेअरमध्ये. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करायच्या. छापखाना त्यांच्या गल्लीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

"काका, रॅम्प काढा ना," त्या म्हणाल्या.

कंडक्टरकाका ओशाळले. "ताई, रॅम्प आहे हो. पण कुलपात. किल्ली डेपोत."

"मग मी काय डेपोत येऊन चढू? अहो, मालक तीनच दिवस वाट बघणार आहेत. बुधवारी दहाच्या आत पोचले नाही, तर दुसरा माणूस घेणार."

दोन प्रवासी खाली उतरले. "चला, आम्ही उचलतो तुम्हाला."

"नको! मागे असंच उचललं आणि एकाचा हात सुटला. दोन महिने अंथरुणात होते."

बस निघाली. त्या हातभर अंतरावर होत्या आणि मी होतो इथेच, चटईखाली. ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार काय? मला तर जपून ठेवलं होतं!

मंगळवारी तेच. संध्याकाळी काकांनी डेपोत किल्ली मागितली, तर मिस्त्री म्हणाले, "आणि वाकला म्हणजे? पत्र मला येतं, तुला नाही." कुणावर चिडावं, तेच मला समजेना.

बुधवारी ताई फुटपाथवर नव्हत्याच. बस थांबल्याबरोबर त्या रस्त्यावर आल्या आणि बससमोर खुर्चीचा ब्रेक लावून बसल्या. हॉर्न वाजले. एक आजोबा खिडकीतून खेकसले, "अहो बाई, आम्हाला उशीर होतोय!"

"मलाही होतोय आजोबा, सोमवारपासून. बसवर लिहिलंय 'सर्वांसाठी'. चूक दिसली की दुरुस्त करणं हेच माझं काम. एक तर ते खोडा, नाहीतर कुलूप काढा."

काकांनी फोन लावला. सव्वा तासाने मिस्त्री स्वतः स्कूटरवर किल्ली घेऊन आले. कुलूप फिरेना. त्यांनी तेल सोडलं, ठोकलं. शेवटी एकदाचा मी करकरत उघडलो आणि ती चाकं माझ्यावर चढली. अगं आई गं! ते दुखणं होतं की सुख, मला अजून सांगता येत नाही. अंगावर एक लांबच लांब ओरखडा उठला. मिस्त्रींच्या तोंडून "अरेरे" निघालं. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ताईंनी छापखान्यात फोन केला. ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये टाकला. नोकरी गेली होती. दहा कधीच वाजून गेले होते.

"तिकीट कुठलं देऊ?" काकांनी हळूच विचारलं.

"डेपोचं द्या. अजून अकरा कुलपं आहेत ना? मिस्त्री, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

त्या दुपारी मिस्त्रींनी एकेक कुलूप काढलं. ताई बाराव्या बसपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

त्यांना अजून काम मिळालेलं नाही. रोज सकाळी माझ्यावरूनच चढतात आणि शोधायला जातात. त्या आल्या की मला आनंद होतो, मग त्या कुठे चालल्या आहेत ते आठवतं. मित्रांनो, माझ्यासारखे आत्मकथा सांगणारे सगळे शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी कोणत्या तोंडाने म्हणू? मला जपलं, म्हणून त्यांची नोकरी गेली. तेव्हा कृपा करा, मला जपू नका. मला उघडा. वाकलो तर ठोकून सरळ करा, पण थांब्यावर कुणी असेल, तर आधी मला उघडा.