बिनगाठीची शिवण

त्या वर्षी सहावा महिना दोनदा आला. अधिक महिन्यात देवदेवता माणसांकडे पाठ फिरवून बसतात. म्हणून आपले अखेरचे कपडे त्याच महिन्यात शिवून ठेवावेत, त्याने दोष लागत नाही, उलट आयुष्य वाढते, असे ओकबुनच्या माहेरी, आन्दोंगला, मानत असत. ओकबुन ब्याऐंशीची झाली होती. पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी येणार होता आणि तिची बोटे तोवर सुई धरतील याचा तिला भरवसा नव्हता. तेव्हा मंगळवारी सकाळी, न्याहारी आटोपताच, परदेशात, फ्लशिंगमधल्या आपल्या खोलीत तिने पेटी उघडली.

आईने विणलेले तागाचे ठाण पेटीत नव्हते.

देश सोडताना तिने बॅगेतले लोकरीचे कपडे काढून अशी दोन ठाणे आत बसवली होती. एक एकवीस वर्षांपूर्वी नवऱ्यासाठी वापरले. दुसरे तिचे स्वतःचे.

“नारेची आई!” तिने हाक मारली. या घरात तिला दुसऱ्यांदा हाक मारावी लागत नसे.

सून मीग्यंग तिखटाने लाल झालेले हात तसेच वर धरून दारात आली.

“पेटीतलं कापड कुठे आहे?”

“कुठलं कापड, आई?”

“असं विचारलंस, म्हणजे तुला ठाऊक आहे.”

मीग्यंगने मान खाली घातली. “नारेने नेलं. मीच पेटी उघडून दिली. तुम्ही चर्चच्या बायकांबरोबर सहलीला गेला होतात ना, तेव्हा. मला वाटलं, उन्हाळी कपड्यांचं जुनं कापड असेल. तिच्या प्रदर्शनासाठी हवं होतं तिला.”

“बत्तीस वर्षं या घरात भात शिजवतेस आणि सासूचं कफन ओळखता येत नाही तुला!”

मीग्यंगच्या तोंडचे पाणी पळाले. ओकबुनने उन्हाची टोपी कपाळावर ओढली आणि ती निघाली. मीग्यंग कसेबसे हात धुऊन तिच्यामागे धावली.

कपडे धुण्याचे आणि दुरुस्तीचे घरचे दुकान तीन गल्ल्या पलीकडे होते. त्याच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी इस्त्रीची यंत्रे वाफ सोडत, तिथे आता ओकबुनची नात नारे कापडाच्या कलाकृती करी. शनिवारी तिचे प्रदर्शन उघडणार होते. पाहुण्यांना बोलावणी गेली होती. वाटेत ओकबुनने बोलायची वाक्ये मनात नीट रचून ठेवली. कापड उसवून घ्यायचे, आणि आजच घ्यायचे. अधिक महिन्याचे नऊ दिवस उरले होते.

दार उघडले आणि रचलेले पहिलेच वाक्य तिला आठवेना.

खिडकीपुढे छतापासून जमिनीपर्यंत एक वस्त्र टांगले होते. शेकडो तुकडे एकमेकांना जोडलेले, आणि त्यांतून सकाळचे ऊन आत आले होते. तुकडे उजळले होते, जोड तेवढे काळ्या रेघांसारखे उठून दिसत होते, जणू कोणी उजेडावर शाईने शेते आखली होती. ओकबुन जवळ गेली. हा गडद निळा तुकडा पोलिसाच्या पँटचा. तो माणूस दर वर्षी जाड होई आणि दर वर्षी धुण्यावर खापर फोडी. हा फिकट हिरवा रुग्णालयातल्या परिचारिकेचा. हे पांढरे अस्तर त्या नवरीचे, जिचा झगा लग्नाच्या आदल्या दिवशी चार बोटे आखूड करावा लागला होता. चाळीस वर्षांत तिने स्वतःच्या हाताने कापलेल्या पट्ट्या, पोत्यांत भरून ठेवलेल्या. आणि त्यांच्या अधूनमधून, मधाच्या रंगाचे, आईचे तागाचे कापड.

नारे एका कोपऱ्यात उभी होती. “आजी, आवडलं?”

उलटी बाजू पाहिल्याखेरीज ओकबुन कोणाच्या शिवणीला चांगले म्हणत नसे. तिने वस्त्र उलटले. तिथेही कडा आत दुमडून तितक्याच बारीक टाक्यांनी बंद केलेल्या होत्या. उलटी बाजूच नव्हती. तिने पुन्हा उलटून पाहिले, आणि आपण पहिल्यांदा कोणत्या बाजूने पाहिले हे तिलाच सांगता येईना. असे काम तिने आईच्या हातचे पाहिले होते. त्यानंतर कोणाच्याच हातचे नाही, स्वतःच्याही नाही.

मग तिची बोटे धाग्यांच्या टोकांकडे गेली. एका जोडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. तिचा चेहरा उतरला.

“गाठी कुठे आहेत?”

“कसल्या गाठी?”

“धाग्याच्या शेवटी मारतात त्या गाठी! एकही नाही. अगं, हे मेलेल्यांसाठी शिवतात तसं शिवलंयस तू. जाणाऱ्याचा पाय अडकू नये म्हणून त्याच्या कपड्याला गाठ मारत नाहीत. जिवंत माणसांसमोर हे टांगणार आहेस? कोणी शिकवलं तुला?”

“तू शिकवलंस!”

“तू?”

“तुम्ही.” नारेचा आवाज खाली आला. “तुम्हीच शिकवलंत, आजी. दुकानात तुम्ही कायम मशीनवर असायचात. हाताने शिवताना मी तुम्हाला एकदाच पाहिलं. आठ वर्षांची होते. तीन दिवस तुमच्या शेजारी बसले होते आणि तुम्ही मला ऊठ म्हणाला नाहीत. मला वाटलं, हाताने असंच शिवतात.”

नवऱ्याचे अखेरचे कपडे शिवले ते तीन दिवस. ओकबुनला आठवले ते फक्त कापड. शेजारी बसलेले पोर आठवेना.

“आई,” मीग्यंग हळूच म्हणाली, “मी उसवायला बसते. तागाचे तुकडे वेगळे काढू.”

“गप्प बस. याला कात्री लावायची तुझी छाती आहे का?”

ओकबुन स्टुलावर बसली. बाहेर दुकानात कोणी गिऱ्हाईक घंटी वाजवत होते. तिने हातानेच सुनेला पिटाळले.

“अंगातले कपडे या दुकानातल्या कुठल्याही कापडाचे चालतील,” ती अखेर म्हणाली. “पण शवावर एक वस्त्र पांघरतात. ते हे. शनिवारी लोकांना दाखव, हवं तर आणखी दहा गावांत मिरव. मग माझ्या पेटीत आणून ठेवायचं. आणि किल्ली तुझ्या आईकडे नसेल.”

नारेचे डोळे भरले. “आजी, मला खरंच माहीत नव्हतं.”

“माहीत असतं तर इतकं सुंदर शिवलंच नसतंस, भीत भीत शिवलं असतंस.” ओकबुनने सुई पुढे केली. “पण मी अजून जिवंत आहे, आणि बघणारेही जिवंत आहेत. इथे, कोपऱ्यात, एक गाठ मार.”

“तुम्ही मारा ना.”

“मी मारलेली सोडवायला मी थोडीच असेन? मारायची तू, आणि त्या दिवशी सोडवायचीही तूच.”

नारेने सुईत दोरा ओवला, टाका घातला आणि दात आवळून गाठ ओढली. ओकबुनने वाकून अंगठ्याने ती चाचपली.

“इतकी घट्ट नको,” ती म्हणाली. “नखं मोडतील तुझी. पुन्हा मार.”