गुणवंताचा गिलास

गुणवंताच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे पुंडलिकरावांना रोज एकदा तरी आठवायचं, आणि नेमकं जेवताना आठवायचं. पत्र साधंच होतं. बालाघाटहून आलेलं आंतरदेशीय.

'पुंडलिकभाऊ, आमच्या वंदनाला सौंसरच्या शाळेत नोकरी लागली. आता पोरीला भेटायला माझं तिकडं येणं होईल. वाटेत पांढुर्ण्याला उतरलो तर जेवण-पाणी कुठं करावं? केसरमावशी गेल्याचं कळलं. खानावळ चालू आहे का, आणि माझा गिलास जागेवर आहे का, एवढंच कळव. तुझं उत्तर येईपर्यंत मी पांढुर्ण्याला उतरणार नाही. छिंदवाड्यावरून जाईन.'

याला दोन वर्षं होत आली होती. गुणवंता छिंदवाड्यावरूनच जात होता.

पुंडलिकराव उत्तर लिहायला बसलेच नाहीत असं नाही. गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून जन्म गेलेला, बायको जाऊनही बरीच वर्षं झालेली. लिहिण्या-वाचण्याशिवाय त्यांना दुसरं काम तरी काय होतं? 'स्टेशनसमोर आलूबोंडा बरा मिळतो. बसस्टँडवर सकाळी तर्री-पोहे. सौंसरला बाजाराच्या दिवशी चून-भाकर सोडू नकोस.' इथवर पेन धावायचं. मग पाण्याशी येऊन अडायचं. खावं कुठं हे सांगता येत होतं. पाणी कुठं प्यावं हे सांगता येत नव्हतं.

केसरबाईंची खानावळ बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होती. महिनेवारी जेवणाऱ्या प्रत्येकाचा तिथं स्वतःचा स्टीलचा गिलास असे, त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. चुलीच्या वर एक उंच फळी होती, तिच्यावर हे गिलास रांगेनं पालथे असायचे. केसरबाई चांगल्या उंच, त्यांचा हात तिथं सहज जाई. जो कायमचा गाव सोडी तो आपला गिलास घेऊन जाई. जो ठेवून जाई, त्याची जागा त्या कुणाला देत नसत. "गिलास हाय म्हंजे मानूस येनार हाय," म्हणायच्या.

गुणवंता पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नोकरीला आला, तेव्हा त्याच्यासारख्या बौद्ध घरच्या माणसाला गावातल्या हॉटेलात बाहेर उभं राहून दांडी तुटलेल्या कपात चहा मिळायचा. पुंडलिकराव त्याला भीत भीत खानावळीत घेऊन गेले. केसरबाईंनी आडनाव विचारलं नाही. नाव विचारलं, आणि बाजारातून ते गिलासावर कोरून आणलं. चार जणांनी जेवण बंद केलं. "जाऊ द्या त्याहिले," त्या म्हणाल्या. "भाकर माही हाय." पुढे बदली झाली, तेव्हा गुणवंतानं गिलास मुद्दाम फळीवरच ठेवला.

केसरबाई वारल्या आणि त्यांचा पुतण्या अनिल गल्ल्यावर बसला. त्यानं पहिल्याच महिन्यात गुणवंताचा गिलास फळीवरून काढून बाहेरच्या खिडकीत ठेवला. तिथं त्यानं एक माठ मांडला होता, आणि ज्यांना आत पाणी द्यायचं नाही त्यांच्यासाठी दोन चेमटलेले गिलास होते. हा तिसरा झाला. पुंडलिकरावांनी ते पाहिलं. त्यांनी वरणात भात कालवला आणि मान खाली घालून जेवले. त्याच आठवड्यात पत्र आलं.

आणि मग ते सुरू झालं.

अनिल सकाळी खानावळ उघडी, तर खिडकीत दोनच गिलास असत. तिसरा फळीवर आपल्या जागी जाऊन बसलेला. बाकीचे सगळे पालथे, हा एकटा सुलटा आणि काठोकाठ पाण्यानं भरलेला. अनिल शिव्या घालत तो खाली काढी, पाणी ओतून टाकी, पुन्हा खिडकीत ठेवी. चार-आठ दिवस जात. पुन्हा गिलास फळीवर.

"काकाजी, हे तुमचंच काम हाय," एका दुपारी पोळी टाकता टाकता तो सगळ्यांदेखत म्हणाला.

"माझं? मी कशाला…"

"मागच्या दाराची चाबी बाईनं तुमच्यापाशीच देली होती ना, पेपर टाकाले? पुस्तकं वाचू वाचू मानसाचं डोस्कं सटकते. काय करून राहिलो, ते त्याचं त्यालेच ठाव नसते."

शेजारच्या पाटावर कापसाचे अडते भगवंतराव बसले होते. ते खो खो हसले. "अरे अन्या, केसरबाईच येत असन. तुह्या भाजीत मीठ हाय का नाही, पाहाले!"

सगळे हसले. पुंडलिकरावांना हसू आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून पाहिली. ती गार लागली. ओली होती की काय, कळेना. चष्मा कपाळावर ठेवून घरभर तो शोधणारा माणूस मी, त्यांना वाटलं. मीच जात असेन. झोपेत जात असेन. स्वतःच्या तळहातांचा वास घेऊन त्यांनी पाहिला. स्टीलचा वास येतो आहे असं वाटलं, मग वाटलं, हा भासच.

पण पंगत बसली की त्यांना चुलीकडून हाक ऐकू यायची. "ये बापू गुणवंता, ताट वाढलं." त्यांचा घास हातातच राहायचा. एकदा त्यांनी चोरून बाजूला पाहिलं, तर भगवंतरावांचाही हात ताटात थांबला होता. दोघांची नजर मिळाली, आणि भगवंतराव घाईघाईनं ताक प्यायले.

संत्र्याचे ट्रक गावातून नागपूरकडे जायला लागले होते, त्या दिवसांतली एक दुपार. अनिलनं खिडकीतला गुणवंताचा गिलास उचलून पिशवीत टाकला. त्याचे डोळे लाल होते. "आज बाजार हाय. मोडीत देऊन टाकतो याले. झंझटच नको."

गिलास हाय म्हंजे मानूस येनार हाय. पुंडलिकराव पाटावरून उठले. आपण उठलो आहोत हे त्यांना उभं राहिल्यावर कळलं.

"तो… तो दे इकडे."

"काय करता?"

त्यांनी पिशवीत हात घालून गिलास काढला. खिडकीकडे न जाता ते आतल्या घागरीकडे गेले. गिलास घागरीत बुडवला, सगळ्यांसमोर तोंडाला लावला आणि पूर्ण प्यायले. अंगठ्याखाली ठिपके लागत होते.

"अबे, घागर बाटवली की!" कुणीतरी म्हणालं.

अनिल हसला, पण हसू काही साधलं नाही. "मंग काकाजी, तुमचा गिलास कुठी ठेवू? खिडकीत?"

"ठेव," पुंडलिकराव म्हणाले. "पण आधी हा त्याच्या जागी ठेवू दे."

त्यांनी गिलास पुन्हा भरला आणि फळीखाली येऊन हात वर केला. हात पुरेना. टाचा उचलल्या, तरी बोटं वीतभर खालीच. स्टूल ओढून त्यांनी एक पाय वर ठेवला. स्टूल डुगडुगलं आणि निम्मं पाणी त्यांच्याच सदऱ्यावर सांडलं. पाय पुन्हा खाली आला.

चुलीवरचं वरण तेवढं रटरटत होतं.

"अन्या," भगवंतराव हळू आवाजात म्हणाले, "म्हाताऱ्याचा हातच पुरत नाही रे तिथं."

अनिलनं फळीकडे पाहिलं, मग पुंडलिकरावांच्या ओल्या सदऱ्याकडे. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं पुंडलिकरावांचा गिलास त्यांच्या ताटाजवळून उचलून त्यांच्या हातात दिला. "घेऊन जा, काकाजी. दोन्ही घेऊन जा. पाया पडतो."

"बसा ना, पुंडलिकराव," भगवंतराव म्हणाले. "जेवन थंडं होऊन राहिलं."

पण गिलास हातात आला होता, आणि त्याचा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होता. पुंडलिकरावांनी किल्ली अनिलच्या गल्ल्यावर ठेवली आणि बाहेर पडले.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः खिचडी केली. ती खाली लागली. जेवण झाल्यावर दोन्ही गिलास घासून पुसून त्यांनी कोनाड्यात पालथे ठेवले.

सकाळी पाहिलं, तर त्यांचा स्वतःचा गिलास पालथाच होता. गुणवंताचा सुलटा होता, काठोकाठ भरलेला. पाणी जरासुद्धा हलत नव्हतं. या वेळी त्यांनी तळहातांचा वास घेतला नाही. खुर्ची ओढली आणि लिहायला बसले.

'गुणवंता, स्टेशनसमोर आलूबोंडा बरा मिळतो. खानावळीचं विचारलंस. तुझा गिलास जागेवर नव्हता. तो खिडकीत होता, आणि ते पाहत मी आत बसून जेवत होतो. म्हणून लिहिलं नाही. आता तो माझ्या घरी आहे. मावशींनी तुझं पाणी भरून ठेवलं आहे, असं लिहिलं तर तू हसशील, हस. जेवण माझ्या हातचं, तेव्हा खिचडी लागलेली असेल. वंदनालाही आण. तिचं नाव कोरायला आज भांड्यांच्या दुकानात गिलास देतो आहे. पांढुर्ण्याला उतर.'

पोस्टाच्या पेटीशी ते बराच वेळ उभे राहिले. मग पत्र आत सोडलं. घरी निघताना पुन्हा शंका आली, तसे मागे फिरले आणि पेटीच्या तोंडात बोटं घालून पाहिली. पत्र हाताला लागलं नाही.